कॅप किती खोल बसली?

माझा भाचा ओहायोत राहतो आणि शनिवारी गॅरेजमध्ये बसून काडतुसं भरतो. हे वाक्य आमच्या रूपीनगरात चहाच्या टपरीवर मोठ्यानं बोललो तर चार माणसं वळून बघतील. बघावंच त्यांनी. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. तिकडे तो छंद आहे. त्याची दुकानं आहेत, जाडजूड पुस्तकं आहेत, आणि एकदा उडवलेली पितळी पुंगळी पुन्हा भरून वापरणारे रिटायर्ड लोक गावोगाव आहेत.

तिकडचं नागरिकत्व मिळाल्यावर भाच्यानं सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम नावाच्या संस्थेकडून एक जुनी एम-1 गॅरंड घेतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या हातात होती ती हीच. स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारातल्या जॉन गॅरंडनं ती घडवली आणि 1936 साली अमेरिकेच्या सैन्यानं स्वीकारली. आठ गोळ्यांची क्लिप वरून दाबून आत सरकवायची, मग दर वेळी फक्त चाप ओढायचा. पुढची गोळी रायफल स्वतःच भरते. आठवी सुटली की रिकामी क्लिप टिंग करून बाहेर उडते. त्या आवाजावरच बरेच जण खूश असतात, असं माझं मत आहे.

त्याचा पहिला फोन आला तो दारूबद्दल. "मामा, तुझी अख्खी नोकरी गोळ्यांत गेली. किती दारू घालू ते सांग." मी म्हटलं, ते पुस्तकात छापलंय, तिथून घे; मामाच्या तोंडून ऐकलेलं माप कधीच वापरायचं नाही. बाकीचं सगळं ठीक आहे हे बघायचं कसं, ते मला विचार.

मी खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत तपासणीत होतो. 1869 सालचा कारखाना. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या, त्यात तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेला. मी त्याआधीच बाहेर पडलो होतो. तळवड्याहून सायकलवर आकुर्डी स्टेशन, सायकल तिथं लावायची, मग लोकल, खडकीला उतरून चालत गेट. गेटवर झडती. काडीपेटी, लायटर, विडी, सगळं बाहेर. आत दारूच्या बाजूला जायचं तर लाल पट्ट्याच्या अलीकडे आपली चप्पल काढायची आणि पलीकडे तिथली घालायची. अंगात सुती कपडे, नायलॉन चालायचं नाही. दारातल्या तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली वीज जमिनीत सोडायची आणि मग पाय आत टाकायचा. रिटायर झाल्यावरही कितीतरी दिवस माझा हात घराच्या दाराशी आपोआप भिंतीकडे जायचा. बायको हसायची.

दारूच्या प्रत्येक खोलीबाहेर एक पाटी असते. वर एम.एल., खाली ई.एल. एम.एल. म्हणजे आत एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं, ई.एल. म्हणजे किती किलो माल. साहेब आला, पाहुणा आला, कुणीही आला, तरी आकडा वाढत नाही. साहेबाला आत यायचं असेल तर एका कामगारानं बाहेर यायचं. नवीन पोरांना ही पाटी म्हणजे सरकारी नखरा वाटायचा. तिच्यामागचा हिशोब साधा आहे: उडालंच, तर किती जण जातील हे आधी ठरवून ठेवायचं आणि तो आकडा शक्य तितका लहान ठेवायचा.

पण मुद्दा काडतुसाचा. काडतूस म्हणजे चार वस्तू. पितळेची केस, बुडाशी बसवलेली कॅप, आत दारू, तोंडाशी बुलेट. आपल्या एसएलआरच्या, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफलीच्या, 7.62 च्या गोळीचं वजन 24 ग्रॅमच्या आसपास, त्यातली दारू साधारण तीन ग्रॅम. चाप ओढला की त्या तीन ग्रॅमचा दाब चेंबरमध्ये दर चौरस इंचाला पन्नास-साठ हजार पौंडांवर जातो. गाडीच्या टायरमध्ये आपण तीस भरतो. हा सगळा दाब धरून ठेवते ती पातळ पितळी भिंत आणि तिच्या मागे कुलूपबंद झालेला बोल्ट. बोल्ट कुलूपबंद व्हायच्या आत गोळी उडाली तर तो दाब मागे येतो, आणि मागे माणसाचा चेहरा असतो.

एसएलआरच्या आधीची थ्री-नॉट-थ्री बोल्ट रायफल होती. 1962 च्या युद्धात आपले जवान तीच घेऊन बर्फात उभे होते, आणि त्यानंतर इशापूरला एसएलआर बनू लागली. थ्री-नॉट-थ्रीत प्रत्येक गोळी हातानं भरावी लागते. गोळी जरा लांब असेल, केस फुगलेली असेल, कॅप वर आलेली असेल, तर बोल्ट पुढे ढकलताना तळहाताला जड लागतं. जवान थांबतो, गोळी काढतो, फेकतो. तिथं शेवटचा तपासनीस हाच हात. सेल्फ-लोडिंग रायफलीत तो हात काढून टाकलेला असतो. आधीच्या गोळीच्या गॅसनं बोल्ट मागे जातो, स्प्रिंगनं दाणकन पुढे येतो, गोळी उचलतो आणि चेंबरमध्ये कोंबतो. गोळी बरी आहे का, हे स्प्रिंग विचारत नाही. वेगानं येते आणि ठोकते. म्हणून जे तळहाताला कळायचं ते आधी कुणाला तरी कळावं लागतं, आणि ते आमच्या टेबलावर कळायचं. भाच्याला मी हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिलो. जुन्या अर्धस्वयंचलित रायफलीसाठी गोळी भरताना जी काळजी घ्यायची, ती सगळी या एका गोष्टीतून निघते.

आधी कॅप. कॅप बुडाच्या पातळीच्या किंचित खाली बसली पाहिजे. किंचित म्हणजे मिलिमीटरचा दहावा-पाचवा भाग. हे डोळ्याला दिसत नाही, पण बोटाला कळतं. केस उभी धरायची, तर्जनी बुडावरून हळू फिरवायची. मध्ये खळगा लागला तर ठीक, सपाट लागलं तर शंका घ्यायची, उंचवटा लागला तर गोळी बाजूला. आमच्याकडे यासाठी गेज होतं, घड्याळासारखी डायल असलेलं, पण जुनी माणसं आधी बोट फिरवायची आणि मग गेज लावायची. गॅरंडमध्ये हे जास्त महत्त्वाचं, कारण तिची फायरिंग पिन मोकळी असते, मागे धरून ठेवणारी स्प्रिंग नसते. बोल्ट पुढे आपटला की पिनही थोडी पुढे येते आणि कॅपला हलकं टोचते. ते टोचणं सहन व्हावं म्हणून सैन्याच्या कॅपचा पत्रा कठीण ठेवतात. भाच्यानं दुकानातून साध्या कॅप आणल्या होत्या, मऊ पत्र्याच्या. त्याला म्हटलं, परत कर. एसएलआरच्या पिनला स्प्रिंग आहे, ती तिला मागे ओढून धरते. तरी आम्ही कॅप तितक्याच बारकाईनं बघायचो. रायफल चांगली आहे म्हणून गोळी ढिली तपासायची, हे आमच्या फोरमनला कळलं असतं तर त्यानं शिव्या घातल्या असत्या.

मग केस. एकदा उडालेली केस चेंबरच्या आकाराला फुगते. बोल्ट रायफलवाले नुसती मान आवळून परत भरतात, त्यांचं चालून जातं. अर्धस्वयंचलित रायफलीसाठी केस बुडापासून तोंडापर्यंत पूर्ण मूळ मापावर आणावी लागते, नाहीतर ती चेंबरमध्ये अर्धवट अडकते आणि स्प्रिंग तिला तशीच ठोकत राहते. लांबीही बघायची. पितळ प्रत्येक फायरला थोडं पुढे वाहतं, तोंड लांबतं. 7.62 च्या केसची जास्तीत जास्त लांबी 51.18 मिलिमीटर, त्यावर गेली की तोंड चेंबरच्या पुढच्या कडेत अडकून बुलेटला घट्ट धरतं आणि दाब चढतो. गॅरंडच्या केसचं माप वेगळं, पण भानगड तीच.

केस किती वेळा वापरायची, यावर भाच्याची आणि माझी बरीच वादावादी झाली. तो पैसे वाचवायला बघत होता. मी त्याला एक तार वाकवायला लावली. साधी स्टीलची तार, टोकाला काटकोनात छोटं नखासारखं वळण, टोक घासून टोकदार केलेलं. ती केसच्या तोंडातून आत घालायची, बुडापर्यंत न्यायची आणि आतल्या भिंतीला टेकवून वर ओढायची. बुडाच्या थोडं वर तार अडखळली, तर तिथं आतून खाच पडलेली असते. बाहेरून तिथंच एक चकचकीत रेघ दिसते, कधी दिसतही नाही. ती केस पुढच्या एखाद्या फायरला दोन तुकडे होऊन सुटणार. त्यानं व्हिडिओ कॉलवर तार घातली, ओढली आणि गप्प झाला. एकाच डब्यातल्या कितीतरी केसना तार अडखळली. त्या दिवशी वाद मिटला.

मानेचीही एक गंमत आहे. सैन्याच्या नव्या केसच्या मानेवर जांभळट-तपकिरी छटा असते. मान भाजून मऊ केलेली असते, त्याची ती खूण. ती आम्ही मुद्दाम पुसत नव्हतो, कारण भाजलंय की नाही हे तपासणाऱ्याला एका नजरेत कळावं. भाच्याला ती घाण वाटली आणि त्यानं घरातलं पितळेचं पॉलिश लावून घासून काढली. पॉलिशची बाटली दाखव म्हटलं. त्यात अमोनिया होता. मग त्याला ब्रिटिशांची गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात त्यांच्या काडतुसांच्या केसना पावसाळ्यात आपोआप तडे जायचे, न वापरता, पेटीत पडल्या पडल्या. पाऊस संपला की तडे थांबायचे. बरीच वर्षं नीट कारण कळत नव्हतं. काडतुसं तबेल्यांजवळ ठेवलेली असत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि केस ओढून बनवताना पितळेत राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ फुटतं. इंग्लंडमधल्या धातुतज्ज्ञांनी 1921 साली हे नीट मांडलं. केस मंद आचेवर तापवून तो ताण काढायची पद्धत आहे ती याचसाठी. भाचा म्हणाला, "म्हणजे घोड्याचं आणि माझं पॉलिश एकच?" म्हटलं, वासावरून ओळख.

दारूबद्दल एवढंच सांगतो की गॅरंडचा गॅस नळीच्या पार पुढच्या टोकाजवळून घेतला जातो आणि एसएलआरसारखा तो कमीजास्त करायचा रेग्युलेटर तिच्यात नाही. फार हळू जळणारी दारू घातली तर पुढच्या टोकाशी दाब जास्त राहतो, आणि बोल्टला मागे ढकलणारा लांब दांडा वाकतो. म्हणून पुस्तकात गॅरंडचं वेगळं पान असतं. ते पान सोडून दुसऱ्या पानावरचा आकडा चांगला दिसला म्हणून घेतला, असं करायचं नाही. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. दारू भरून झाल्यावर बुलेट बसवायच्या आधी सगळ्या केस ट्रेमध्ये उभ्या करून वरून बॅटरी मारायची. सगळीकडे दारूची पातळी सारखी दिसली पाहिजे. फोन दुसऱ्या खोलीत. (तरीही तो मला व्हिडिओ कॉल करायचा. दारूचा डबा उघडा दिसला की मी कट करायचो.)

मध्ये त्यानं एका जुन्या गोळीचा फोटो पाठवला. तिकडच्या कुठल्याशा बंदुकांच्या बाजारात मिळालेली, थ्री-नॉट-थ्रीची, बुडावर 'केएफ'चा शिक्का. केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आमचीच. छाती थोडी फुगली, खोटं कशाला बोलू. त्याला ती उडवून परत भरायची होती. मी दोन्हीला नाही म्हटलं. जुन्या सैनिकी केसमध्ये कॅपच्या खाली ऐरण केसचाच भाग असते आणि ठिणगी जायला दोन बारीक भोकं असतात. मधोमध एकच भोक असतं तर सुई घालून जुनी कॅप ढकलून काढता आली असती. ही दोन भोकांची पद्धत बर्डनची. बर्डन अमेरिकन होता, आणि अमेरिकेत मात्र चालते ती इंग्रज बॉक्सरची, एका भोकाची. आपल्याकडे सैन्यानं पुंगळी परत भरायचा विचारच केलेला नाही. रेंजवर जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या मोजून परत आल्या पाहिजेत. एक कमी पडली तर सगळी तुकडी गवतात वाकून शोधत बसते, सूर्य डोक्यावर असला तरी. आलेलं पितळ भंगारात जमा होतं. मला ही पद्धत भाच्याच्या छंदापेक्षा जास्त पटते, हेही सांगून टाकतो. घरी भरलेल्या गोळीची जबाबदारी एका माणसावर असते. कारखान्यात लॉटवर नंबर असतो, नमुना प्रूफ रेंजवर उडवून बघतात, आणि लॉट नापास झाला तर सगळाच्या सगळा अडकतो. मी पास केलेलं दुसऱ्यानं पुन्हा बघायचं, हा अपमान नसतो.

रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून तळवड्यातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तपासणीला जाऊ लागलो. ज्योतिबानगर, कॅनबे चौक, सगळीकडे शेड आहेत; चाकणच्या गाड्यांचे बारीकसारीक भाग इथं पत्र्यातून कापले जातात. त्या शेडमध्ये एक पॉवर प्रेस होता, दोन बटणांचा. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात डायमध्ये राहूच शकत नाही. एक दिवस पाहिलं, डाव्या बटणात लाकडाची पाचर मारलेली. नांदेडकडचा पोरगा उजव्या हातानं बटण दाबत होता आणि डाव्या हातानं पत्रा सरकवत होता. विचारलं तर म्हणाला, "काका, दोन्ही हात लावले तर पीस कमी निघतात. पगार पीसवर आहे." पाचर त्यानं मारली नव्हती, त्याच्या आधीच्यानं मारली होती. मी ती काढली. मालकाला सांगितलं. मालक वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात डिलिव्हरी होती. दुसऱ्या आठवड्यात पाचर परत आली आणि मी जायचं बंद केलं.

8 डिसेंबर 2023 ला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडमध्ये स्फोट होऊन आग लागली. सहा बायका त्याच दिवशी होरपळून गेल्या, आणि पुढच्या दिवसांत दवाखान्यातून आणखी मृत्यूंच्या बातम्या येत राहिल्या. मेणबत्तीत भरतात ती दारूच. केकवर लावली म्हणून तिचा स्वभाव बदलत नाही. आत माणसं किती आणि माल किती असावा, हे कुणी कधी मोजलं असेल का, एवढाच प्रश्न मला पडला. कापडाच्या शेडमध्ये आणि दारूच्या शेडमध्ये फरक असतो तो भिंतीचा किंवा पत्र्याचा नसून त्या पाटीचा असतो.

आमच्या भागाला दारूगोळा नवा नाही. देहूरोडच्या दारूगोळा डेपोच्या हद्दीपासून 2000 यार्ड, म्हणजे 1.8 किलोमीटरच्या वर, रेड झोन आहे. 1903 च्या संरक्षण कामे कायद्याखालचा. तळवडे, रूपीनगर, त्रिवेणीनगर, निगडीचा काही भाग त्यात येतो. बांधकामाला परवानगी नाही, बँक कर्जाला नाही म्हणते, आणि तरी घरं उभी आहेत, कारण माणसांना राहायला जागा पाहिजे. निवडणूक आली की रेड झोनचा विषय येतो आणि मतदान झालं की जातो. मी दिवसभर काडतुसं तपासायचो आणि रात्री त्या 2000 यार्डांच्या आत येऊन झोपायचो. शेजारी विचारायचे, भीती वाटत नाही का? डेपोची कधी वाटली नाही. तिथं पाट्या आहेत, अंतरं मोजलेली आहेत. भीती वाटते ती भाड्याच्या शेडची, जिथं पाटीच नाही.

भाच्याच्या पहिल्या गोळ्या रेंजवर सगळ्या नीट चालल्या. त्यानं रिकाम्या केसचा फोटो पाठवला, कॅपवर पिनचा खड्डा मधोमध, बूड सपाट, मान शाबूत. मी पास केलं. पण त्याला बजावलंय की दुसऱ्यानं भरलेली गोळी आपल्या रायफलीत घालायची नाही, आपली दुसऱ्याला द्यायची नाही, आणि क्लिप सोडून एकटी गोळी हातानं चेंबरमध्ये टाकून बोल्ट आपटू द्यायचा नाही.

तुमच्यासाठी वेगळं सांगतो. आजोबा सैन्यात होते, पोलिसात होते, शिकारीचा परवाना होता, अशा घरांत जुन्या ट्रंकेत एखादी जिवंत गोळी निघते. देहूरोडच्या बाजूला भंगार गोळा करणाऱ्या पोरांनाही कधी काही सापडतं. ती घासू नका, कापू नका, बुलेट उपटून आतली दारू बघू नका, गॅसजवळच्या खणात शोभेला ठेवू नका. वरून हिरवी पडली असली तरी आतली कॅप मेली आहे असं समजू नका. पोरांना लांब ठेवा आणि 112 ला फोन करा.